लाल झालेल्या डॉक्टरबाई

कवठे येमाईच्या अनुपमा डॉक्टरबाई एका सोमवारी लाल झाल्या. म्हणजे बाई होत्या तशाच होत्या; अयुबच्या मेडिकलमधल्या कंप्युटरवर त्यांचं नाव लाल झालं. डॉक्टरकीचं लायसन दर पाच वर्षांनी नवं करायचं, त्यासाठी व्याख्यानं ऐकून गुण जमवायचे, असा नियम. बाईंना दोन गुण कमी पडले. पडणारच! बाई व्याख्यानाला निघाल्या की कवठ्यात हमखास कुणीतरी बाळंत व्हायचं.

त्यात नवा फतवा निघाला: लाल नावाच्या चिठ्ठीवर औषध द्यायचं नाही. आणि माझ्या बायकोच्या, कुशाबाईच्या, फिटच्या गोळ्या तर चिठ्ठीशिवाय मिळतच नाहीत.

"अयुब, इतकी वर्षं हीच गोळी देतोयस ना लेका?"

"देईन की आबा. पण उद्या दुकानाला सील लागलं, तर आख्ख्या गावाला कोण देणार?"

गोळ्या संपल्या. शिरूरला गेलो. तिथला डॉक्टर म्हणाला, आधीची चिठ्ठी आणा. आणली, तर म्हणाला, "ही चालत नाही, बाई लाल आहेत." तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी दौंडला व्याख्यान होतं. बाई निघाल्या. मेंढरं सोडून आम्हाला तीन पिढ्या झाल्या, पण एक पुढं चालला की बाकीच्यांनी मागं जायची खोड काही सुटली नाही. आख्खा गाव टेम्पोत बसला. हौसरावच्या मूतखड्यानं टेम्पो एका अंगाला कलला होता. खोटं वाटलं तर ड्रायव्हरला विचारा.

हॉलच्या दारात अंगठ्याचं मशीन. आत जाताना अंगठा, शेवटी अंगठा. मधेच बाहेर पडलं की गुण गेले. आत एक मोठे डॉक्टर चिठ्ठीचे नवे नियम सांगत होते. अक्षरं सुटी, मोठी, कुणालाही वाचता येतील अशी.

तेवढ्यात दारातच कुशाबाईला फिट आली. बाई खुर्चीतून उठल्या त्या थेट बाहेर. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी सारली. फिट ओसरली तसा मी आत घुसलो.

"हितं एवढं लायसनवालं बसल्यात, एकानं तरी चिठ्ठी लिवा!"

एक म्हणाला, मी कातडीचा. दुसरा म्हणाला, पेशंट तपासल्याशिवाय लिहिता येत नाही, नवा नियम आहे.

"मग तपासा की! का ते बी रविवारी चालत न्हाई?"

शेवटी मोठे डॉक्टरच खाली उतरले. कुशाबाईला तपासलं, बाईंना चार गोष्टी विचारल्या आणि चिठ्ठी खरडली. नुसती मुंग्यांची वरात!

"साहेब, आत्ताच म्हणालात ना, सुटी, मोठी अक्षरं?"

हॉल हसला. साहेबांनी दुसरी लिहिली, पहिलीतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून.

महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. बाईंचे गुण मात्र गेले. मी मशीनवाल्याशी भांडलो, "आरं, पेशंट बघायलाच गेल्या व्हत्या की!"

"आबा, मशीनला कारण समजत न्हाई."

पुढचं व्याख्यान गोळ्या संपता संपता, पुन्हा दौंडलाच. बाईंनी हात जोडले, "आबा, या वेळी गाव घरीच ठेवा."

मी मान डोलावली. कुशाबाई म्हणाली, "अवं, टेम्पो सांगून ठिवा. ह्या बारीला मी बाईंच्या शेजारच्या खुर्चीवरच बसते. फिट आलीच, तर त्यास्नी भाईर तरी जावं लागायचं न्हाई."