बिनगिलाव्याच्या भिंती

शहरातल्या वाचनालयाला लोक ‘खोका’ म्हणत. सगळं उघडंबोडकं काँक्रीट. ना कमान, ना नक्षी, ना रंगाचा हात. तीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांनी नाकं मुरडली आणि आता नगरपालिकेनं भिंतींवर संगमरवरी लाद्या चढवायचं मनावर घेतलं होतं.

म्हाताऱ्या सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. वाचनालय बांधताना काँक्रीट ज्यात ओतलं, त्या सेंट्रिंगच्या फळ्या त्याच्या होत्या. आठ महिने खपून, एकेका फळीला रंधा मारून त्यानं साचे उभारले होते. काँक्रीट घट्ट झाल्यावर साचा उतरवला की लाकडाची रेघ न् रेघ, गाठ न् गाठ भिंतीवर उमटलेली असायची. एरवी सुतारानं कसाही साचा ठोकावा, गवंड्याचा गिलावा त्याची अब्रू झाकतो. इथं गिलावाच नव्हता, आणि त्याची गरजही पडली नाही. जन्मभर दारं-खिडक्या केल्या त्यानं, पण मिरवावं असं काम हे एकच. लाद्या चढल्या की तेही गडप होणार होतं.

जाहीर सुनावणीला त्याची लेक त्याला घेऊन गेली. “काय बोलणार, बाबा?” तिनं विचारलं.

“खरं तेच बोलणार. मला कुठं भाषण ठोकता येतंय?”

अध्यक्षबाईंनी दोन मिनिटं दिली. सुतार माइकपाशी ताठ उभा राहिला. “या भिंतींना गिलावा केलेलाच नाही,” तो म्हणाला. “साचा काढला, तशाच सोडल्या. वरून साधा हातसुद्धा फिरवला नाही. मी स्वतः होतो तिथं.”

चार कारागिरांत हे बोलला असता तर त्यांनी पाठ थोपटली असती. पण सभागृहात कारागीर औषधालाही नव्हता.

“ऐका!” मागून एक दुकानदार उठला. “बांधणाराच कबूल करतोय! काम अर्धवट टाकून गेले!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “अहो, तसं नव्हे,” सुतार म्हणाला, “गिलावा करायचाच नव्हता. त्यातच तर सगळं...” बिचाऱ्यानं हवेतच रंधा मारून दाखवला. लोक हसले आणि वेळ संपल्याची घंटा वाजली.

“घाबरू नका, आजोबा,” अध्यक्षबाई मायेनं म्हणाल्या. “तुमचा काही दोष नाही. तुम्हाला सांगितलं तेवढं तुम्ही केलंत.”

त्या मायेनं तो पार खचला. कुणी शिव्या दिल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. लाद्यांचा ठराव मंजूर झाला. बाहेर पडताना कारकुनानं कागद पुढं केला. “ठरावाच्या कारणांत तुमचंच म्हणणं पहिलं घेतलंय. सही करा.”

सुताराचा चष्मा घरी राहिला होता. लेकीनं वाचून दाखवलं, “‘भिंतींना गिलावा केलेला नाही. साचा काढला, तशाच सोडल्या. वरून हात फिरवलेला नाही.’” तिनं कागद मागं ओढला. “बाबा, हे खोडायला सांगा ना!”

त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. कान देऊन ऐकलं.

“काय खोडायला सांगू?” तो म्हणाला. “सगळं खरं आहे.” आणि त्यानं सही केली.