चार महिन्यांचा हिवाळा

मी एक जुना फ्रीज आहे, पण घरचा नव्हे. माझ्या पोटात दूध-भाजी कधी आली नाही. कारखान्यातून निघालो तो थेट या माती-तपासणीच्या प्रयोगशाळेत आलो. माझं काम एकच, हिवाळा तयार करणं.

हसू नका, मित्रांनो. बटाट्याच्या मुळांवर सूत्रकृमी नावाचे, डोळ्यांना न दिसणारे किडे जगतात आणि पीक खुरटवतात. मादी मरते तेव्हा तिच्या शरीराचाच मोहरीहून बारीक, तपकिरी कोष होतो आणि त्यात मातीत वर्षानुवर्षं टिकणारी शेकडो अंडी असतात. ती लगेच उबेत ठेवली तर फुटत नाहीत. आधी चार महिने थंडी हवी, मग ऊब आणि बटाट्याच्या मुळांतून झिरपलेलं पाणी. पूर्वीचे साहेब पाहुण्यांना माझ्यापुढे उभं करून सांगत, "आमचा खरा तज्ज्ञ हा!" मी फुलून जायचो. ते निवृत्त झाले. नव्या साहेबांनी माझ्यात पाण्याच्या बाटल्या भरल्या.

त्या वर्षी एक काकू माती घेऊन आल्या. त्यांनी नवं शेत घेतलं होतं आणि तिथे बियाण्याचे बटाटे लावायचे होते. आधीच्या मालकाने नुकतंच पीक काढलं होतं. तपासनीस ताईंना मातीत कोष सापडले आणि त्यांनी ते माझ्यात ठेवले. आठच दिवसांत साहेबांनी निम्मे कोष उबेच्या पेटीत टाकायला लावले. पंधरा दिवसांत एकही अंडं फुटलं नाही.

"मेलेली आहेत. शेत स्वच्छ, असं लिहून टाका."

"साहेब, ती झोपलीत. हिवाळा तरी सरू द्या."

"मग काय, त्यांच्या उशाशी गजर लावू? इथे अहवाल तुंबलेत. करा सही."

ताईंनी सही केली. मला त्यांचा तेव्हा फार राग आला, आजही येतो.

उरलेले कोष बाटल्यांमागे तसेच राहिले. चार महिने भरल्यावर ताईंनी ते गुपचूप उबेत ठेवले. आठवड्याभरात सूक्ष्मदर्शकाखाली नुसती वळवळ दिसू लागली. ताईंनी घाईघाईने काकूंना फोन लावला. पण लागवड होऊन महिना उलटला होता. काकू तडक आल्या आणि त्यांनी भिंगातून पाहिलं.

"कागदावर सही तुमचीच ना, ताई?"

"हो."

"आणि तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तेव्हाच एक फोन करायचा होता. मी थांबले असते हो."

काकूंनी उभं पीक उपटून जाळलं. त्या शेतात आता कित्येक वर्षं बटाटा लावता येणार नाही. साहेबांना बढती मिळाली.

मित्रांनो, मला पुसून-झाडून ठेवू नका, हवं तर भंगारात काढा. पण कुणी माती घेऊन आलं तर तिची थंडी पुरी होऊ द्या. त्याआधी कुणी हातात पेन दिलं, तर हात मागे घ्या. ताईंना एवढं शिकायला काकूंचं शेत जावं लागलं.