मधला खांब नसलेला मांडव

“चपला काढू का जी?” हँगरच्या दारात दुर्गा थबकली.

“काऊन? देऊळ आहे का? विमानाचा दवाखाना आहे हा,” सेवकराम म्हणाला, पण आत पाऊल टाकताना त्याचाही आवाज आपोआप खाली आला.

गोंदियाजवळच्या विमानतळावर विमानं दुरुस्त करायचं हे हँगर बांधून तयार झालं होतं. उद्या कंपनीने ताबा घेतला, की पासाशिवाय चिटपाखरूही आत शिरणार नव्हतं. म्हणून आराखडा करणाऱ्या रचना मॅडमची मिनतवारी करून त्याने आज बायकोला आणलं होतं.

सेवकराम मूळचा मांडववाला. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, की नाटकाचा मांडव त्याचाच. काय ते दिवस होते! पहाटेपर्यंत नाटक चालायचं आणि सेवकराम कडेला उभा राहून नाटकापेक्षा मांडवच जास्त बघायचा. पण मधोमध एक खांब लागायचाच, आणि त्याच्यामागे नेमकी दुर्गा बसलेली असायची. नवऱ्याच्याच खांबामुळे बिचारीला धड नाटक दिसू नये, हे त्याला जन्मभर खात राहिलं. पुढे भाड्याचे लोखंडी मांडव आले, त्याचे बांबू चुलीत गेले आणि तो बांधकामांवर पत्रे चढवू लागला.

इथे पहिल्याच दिवशी रचना मॅडमनी कामगारांना नकाशा दाखवला होता. “मधे एकही खांब नको. विमानाच्या पंखांना अडतो.”

“आमच्या बायकोलेबी अडत होता, मॅडम,” सेवकराम बोलून गेला. सगळे हसले होते.

छताला पेलणाऱ्या लोखंडी कैच्या क्रेनने वर चढल्या, बोल्टांनी जखडल्या आणि खालचे टेकू काढले, तरी छप्पर जागचं हललं नाही. त्या दिवशी आनंदाने त्याला जेवण गेलं नव्हतं.

आता त्याने दुर्गाला बरोबर मधोमध नेलं. “पाय जरा चारी बाजूले. दिसते का कुठं खांब?”

“लय मोठा आहे जी.” ती गुडघे धरून फरशीवर बसली, सवयीने मागे रेलली आणि दचकून सावरली.

“काय झालं?”

“टेकाले काहीच नाही ना.” ती हसली. “मंडईत कशी रातभर खांबाले पाठ लावून नुसतं नाटक आयकत बसत होती मी.”

“समोर जागा भेटत नव्हती ना तुले?”

“कायले? बाया बलावत होत्या. मीच जात नव्हती. तुमी गाडलेला खांब होता ना तो.”

इतकी वर्षं सेवकराम उगाचच स्वतःला दोष देत आला होता.

“काका, टाइम हो गया!” दारातून पहारेकरी मुन्नाने हाक मारली.

“आलो, आलो,” म्हणत सेवकराम दुर्गाच्या मागे बसला आणि त्याने तिच्या पाठीला पाठ लावली. “टेक आता.”

तिने अंग सैल सोडलं. उघड्या दारातून समोर धावपट्टी दिसत होती.

“हालू नका जी,” ती म्हणाली.

मुन्नाने पुन्हा हाक मारली. सेवकराम हलला नाही.