तुरीच्या डाळीएवढा तुकडा

"आप्पा, घट्ट धरा. हलला तर दुसऱ्यांदा टोचावं लागेल."

"तू तुन्हं काम कर. मी छत्तीस वरीस हाऊच धंदा करेल शे."

चुडामणने भुऱ्या बोकडाची मान काखेत घेतली आणि त्याचा मागचा पाय मांडीवर ओढला. मांडीवरचे केस रुपयाएवढ्या जागेत भादरलेले होते. भूल त्यानेच दिली होती, आणि सुई टोचल्यावर चार बोटांनी जागा चोळायची त्याची जुनी रीत आजही चुकली नव्हती. भुऱ्याने एकदा कान हलवला, एवढंच. त्याच्या दृष्टीने हा खेळच होता. आई मेल्यावर पंधरा दिवसांचा असताना त्याला ज्या हाताने बाटलीने दूध पाजलं होतं, त्याच हातात तो होता.

त्याच्या मुलीने, रंजिताने, पोलादी नळी टेकवली, फिरवली, बाहेर काढली. तुरीच्या डाळीएवढा लालसर तुकडा. तो तिने गुलाबी पाण्याच्या बाटलीत सोडला, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि मगच श्वास सोडला. चुडामणने दोन टाके घातले.

"आईला विचारलं ना आप्पा?"

"विचारं."

त्याची बायको प्रमिलाबाई त्या दिवशी तळोद्याला बहिणीकडे गेली होती. चुडामणने तिला काही विचारलं नव्हतं.

सरकारी कागदावर तो व्रणोपचारक होता, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर; गावाच्या तोंडी मात्र ‘डॉक्टर’. तापीकाठच्या दहा गावांतल्या बैलांची खुरं, गाईंची शिंगं, सारंगखेड्याच्या यात्रेत लाथा खाऊन आलेले घोडे, सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. मुलगी पुढे जाऊन खरीच डॉक्टर झाली, आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत न मारता मटण बनवायच्या कामाला लागली.

"मंग आते यानं मटण बनी का?" हात धुता धुता त्याने विचारलं.

"लगेच कुठे? यातल्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना ऊब द्यायची, खायला घालायचं. एकीच्या दोन, दोनाच्या चार. पातळ थर वाढतो, खिम्यासारखं काहीतरी होतं. पण जाड तुकडा होत नाही. आतल्या पेशींना रक्तच पोचत नाही ना."

"आनि त्यास्ले खावाले काय देतस?"

रंजिताने बर्फाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. "आतापर्यंत... गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातलं पाणी. सगळं जग तिथंच अडलंय आप्पा. आम्ही ते वगळून बघतोय. पण त्याच्यावाचून पेशी रुसतात."

"म्हन्जे बोकड्याले वाचाडाले वासरूना जीव!"

"म्हणून तर बदलतोय ना! सिंगापुरात थोडंफार हॉटेलात मिळतं. काही देशांनी विकायलाच बंदी केलीय. आपल्याकडे अजून नियम ठरायचेत. आणि खर्च असा, की तुमचा अख्खा कळप त्यात येईल." ती हसली. "उरलेल्या पेशी गोठवून ठेवू. उणे एकशे शहाण्णव."

"लिक्विड नायट्रोजन," चुडामण चटकन म्हणाला. कृत्रिम रेतनाच्या कांड्या तो वर्षानुवर्षं त्याच थंड धुरातून काढत आला होता. पोरीच्या विद्येत आपल्या ओळखीचं एक भांडं निघालं म्हणून त्याला बरं वाटलं.

पण त्याने तिला हो म्हटलं ते विद्येसाठी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी धर्मेंद्र, त्यांचा मुलगा, तळोद्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला आणि आठ दिवस शुद्धीवर आला नाही. प्रमिलाबाईने सुरतेच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून मरीमायला पदर पसरला होता: पोरगा उभा राहिला तर अखंड बोकड देईन. पोरगा उभा राहिला, किंचित लंगडत का होईना. आणि भुऱ्या त्या मानतेचा, म्हणजे नवसाचा, ठरला. अखंड म्हणजे ज्याच्या अंगाला लोखंड लागलेलं नाही, ज्याच्यावर वण नाही, टाका नाही. वण असलेला बोकड मरीमाय घेत नाही.

चुडामणने उभ्या जन्मात मटणाला कधी नाही म्हटलं नव्हतं. लग्नात रस्सा वाढताना लोक म्हणायचे, डॉक्टरले दखीसन वाढा, हाड बी चुसस! अशा माणसाने ‘याले नको कापू’ कोणत्या तोंडाने म्हणावं? गावाने हसून पोट धरलं असतं. म्हणून पोरीने तुकडा मागितला तेव्हा त्याला वाट दिसली. बोलायचं नव्हतंच काही. नुसतं बोकडाला धरून ठेवायचं होतं.

संध्याकाळी प्रमिलाबाई आली. भुऱ्याला पाला टाकताना तिचा हात मांडीवर थांबला.

"हाई काय व्हयनं याले?"

"कुंपनना तार लागना."

ती तिथेच, गोठ्याच्या दगडावर, बसली. "लोखंड लागनं," एवढंच म्हणाली. रडली नाही. चुडामणला वाटलं, निभावलं.

आठ दिवसांनी रंजिताचा फोन आला. पोर आनंदात होती. "आई, भुऱ्याच्या पेशी लागल्या गं! पसरून बसल्यात, वाढतायत. त्या दिवशी आप्पांनी इतकं छान धरलं होतं..."

प्रमिलाबाईने फोन नीट ऐकून घेतला. "बरं व्हयनं बेटा," म्हणाली. फोन ठेवला, आणि त्या घडीपासून नवऱ्याशी बोलणं सोडलं.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण म्हणजे पावसाची सर, पडून जाते. हे धुकं होतं. "धर्मा, तुन्हा बापले सांग, भाकर वाढेल शे." "धर्मा, विचार त्यास्ले, च्या लेतस का."

"मी काय टेलिफोन शे का?" धर्मेंद्र वैतागायचा. आईबाप समोरासमोर बसलेले, आणि निरोप त्याच्या डोक्यावरून जायचे. पण तो घराबाहेर पडला की प्रमिलाबाई दारात उभी राहायची, आणि मोटरसायकलचा आवाज परत येईपर्यंत हलायची नाही. दिलेलं वचन अपुरं होतं, आणि पोरगा त्याच रस्त्याने जात होता. हे चुडामणने धरलंच नव्हतं. त्याने बोकडाचा जीव मोजला होता. बायकोचा जीव कुठे टांगलेला आहे हे त्याने पाहिलंच नाही.

भुऱ्या माजला, गुबगुबीत झाला. पण त्याला पाला टाकताना चुडामणचा हात आता त्याच्या पाठीवर टेकत नसे.

फाल्गुनात रंजिताचा पुन्हा फोन आला, वडिलांना.

"थांबल्या आप्पा."

"काय थांबनं?"

"पेशी. चांगल्या वाढत होत्या. मग मंदावल्या, म्हाताऱ्या झाल्या. वासराचं रक्त बंद केलं तसं त्यांनी मनच काढून घेतलं. एवढ्या महिन्यांत नखाएवढा थर झाला. पैसे देणारेही आता विचार करतायत. काही गोठवून ठेवल्यात. कधीतरी होईल आप्पा. मला खरंच वाटतं होईल. पण भुऱ्याच्या हयातीत नाही."

"व्हई, बेटा," चुडामण म्हणाला. दुसरं काय म्हणणार!

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या मंगळवारी मानता फेडायची ठरली. धर्मेंद्रने अक्कलकुव्याच्या बाजारातून दुसरा बोकड आणला, काळा कुळकुळीत, डोळ्यांत भीती घेऊन आलेला. गावाबाहेर निंबाखाली मरीमायचा ओटा. भाऊबंद जमले, चुली पेटल्या. म्हातारी धनुबाई बायकांना साथीला घेऊन म्हणत होती:

माय मरीमाय, तुन्हा निंबना गार वारा,
मन्हा लेकरूना जीवले दे वं पदरना थारा.

प्रमिलाबाई बोकडाजवळ आली. "धर्मा, तुन्हा बापले सांग, डॉक्टर शेतस ना, हात फिराईसन दखा. आते तरी देवीले फसाडू नका."

सगळे बघत होते. चुडामण खाली बसला. शिंगाच्या मुळापासून सुरुवात केली. मान, खांदे, बरगड्या, पोट. काळ्या केसांतून त्याच्या उजव्या हाताची बोटं हळूहळू चालली. बोकड थरथरत होता, मग थरथर कमी झाली. जनावरांना तो हात कळायचा.

डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला बोट थांबलं. केसांखाली एक रेघ, जुनी, भरून आलेली. डोळ्याला दिसली नसती. रेघेच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपके, समोरासमोर, एकाच अंतरावर. टाके. डोंगराकडच्या कुठल्या तरी दवाखान्यात कुणीतरी या जनावराला मांडीवर घेऊन, सावकाश, नीट शिवून वाचवलं होतं. हात चांगला होता.

नुसतं ‘वण शे’ म्हटलं की झालं. हा सुटला असता. पुढच्या मंगळवारी तिसरा आला असता. आणि ती दारात उभी राहिली असती, मोटरसायकलचा आवाज ऐकत.

त्याने वर पाहिलं. प्रमिलाबाई त्याच्याकडे बघत होती. बोलणं सोडल्यापासून पहिल्यांदाच सरळ बघत होती.

"अखंड शे," चुडामण म्हणाला.

बोकडाच्या पाठीवर हळदीचं पाणी ओतलं. आता त्याने अंग झाडायचं. झाडलं की मायने मान्य केलं. सगळे थांबले. बोकड उभा. पाणी पोटावरून ओघळत मातीत पडत राहिलं. तो हलेना. कुणीतरी कुजबुजलं, "माय लेत नही वाटतं." प्रमिलाबाईचे ओठ हलत होते. धर्मेंद्र लंगड्या पायावरचा भार दुसऱ्यावर टाकून उभा होता. नको झाडू, असं चुडामणच्या मनात आलं. आणि झाड बाबा एकदाचं, असंही आलं, आणि दोन्ही खरं होतं.

बोकडाने अंग झाडलं. पिवळे थेंब चुडामणच्या सदऱ्यावर उडाले. बायकांनी एकच गजर केला.

प्रमिलाबाईने पदराने डोळे टिपले आणि ती वळली. "उन्हमा काबं उभा शेतस?" ती थेट त्यालाच म्हणाली. "चाला, सावलीमा बठा."

चुडामण सावलीत जाऊन बसला, ओट्याकडे पाठ करून. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो डाव्या हाताने घेतला. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता.