माजघरातल्या कोरी

शनिवारी संध्याकाळी रितेशने मोबाइलवरचा अंदाज मोठ्याने वाचून दाखवला. शनिवार-रविवार आकाश ढगाळ, अधूनमधून जोरदार सरी.

"उद्या सूर्य दिसायचाच नाय, आई. मग ग्रहण पाळायचं कशाला?"

"आभाळाचा भरवसा मोबाइल देतो काय?" बनुबाई म्हणाल्या. "परवा सांगत होतास, यंदा पाऊस सरासरीइतका. आपल्या घरावर किती ते सांगितलंन का त्याने?"

"ते सगळ्या मोसमाचं असतं गो. हे दोन दिवसांचं."

"दोन दिवस काय नि चार महिने काय, पूजा माजघरात बसणार."

रितेशच्या बायकोला, पूजाला, सातवा महिना होता. गेल्या पावसाळ्यात चौथ्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. त्याच्या आधी चंद्रग्रहण झालं होतं, आणि उकाड्याने झोप येईना म्हणून त्या रात्री ती खिडकीत उभी राहिली होती. घरात हे एकदाच बोललं गेलं. तिला तेवढं पुरलं. या खेपेला आपल्या हातून काही होऊ नये, एवढंच ती देवापाशी मागत होती.

नाते गावाजवळच्या त्यांच्या वाडीत निसर्ग वादळाने बहुतेक घरांची कौलं उडवली होती. महाडच्या बाजारात नवे पत्रे मिळेनात, म्हणून रितेशने गोठ्याचे जुने पत्रे काढून माजघरावर घातले. त्यांच्यावरची खिळ्यांची भोकं तशीच राहिली. डांबर लावायला उघडीप हवी होती आणि ती मिळत नव्हती. पाऊस आला की खाली पातेली मांडायची, एवढाच उपाय होता.

रविवारी सकाळी दहाच्या आधी बनुबाईंनी पूजाला माजघरात आडवं केलं. खिडकीवर घोंगडी टाकली, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. बाहेर आभाळ दाटलेलं होतं, तरी होईल तितका अंधार केला. पूजा पोटावर हात ठेवून पडून राहिली.

तासा-दीड तासाने ढग फाटले.

पूजाला जमिनीवर काहीतरी चमकताना दिसलं. तिने मान वळवली. सारवलेल्या जमिनीवर, भाताच्या कणगीवर, भिंतीच्या पायाशी उजेडाच्या लहान लहान कोरी पडल्या होत्या, कोवळ्या चंद्रासारख्या. सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. दोन कोरी तिच्या पोटावर होत्या.

"आई!"

बनुबाई आत आल्या आणि जागीच थिजल्या. मग त्यांनी पूजाला हाताला धरून बाजूला ओढलं. तिथेही दुसरी कोर होती.

"रितेश! वर चढ! ताडपत्री टाक, ग्रहण आत उतरलं रे!"

घरासमोरच्या शाळेच्या अंगणात जानकीबाई चार मुलांना लांब लांब बसवून ग्रहण दाखवत होत्या. पुठ्ठ्याला भोक पाडलेलं, खाली पांढरा कागद. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. राहायला बौद्धवाडीत, पण शाळा बंद असल्यामुळे रोज इथे येऊन मुलांना शिकवत. रितेशही कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"रितेश, उतर खाली!" त्या ओरडल्या. "ओल्या पत्र्यावर चढतात का? चौथीत होतास तेव्हा बरी अक्कल होती."

"बाई, आत ग्रहण पडलंय. पूजाच्या अंगावर."

जानकीबाई मास्क सारखा करत, पुठ्ठा हातात घेऊनच दारापाशी आल्या. बनुबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"तुम्ही पाळत नाय बाई. तुम्हाला काय सांगायचं?"

"नका सांगू. मला बघू तर द्या."

जानकीबाईंनी आत पाहिलं आणि त्या उंबऱ्यावर बसल्या.

"पूजा, त्या कोरीखाली हात धर बघू. चटका बसतो?"

"नाय."

"आता हा पुठ्ठा बघ. भोक कसं आहे?"

"चौकोनी."

बाईंनी बसल्या जागेवरून हात लांब करून पुठ्ठा उन्हात धरला. त्याच्या सावलीत उजेडाचा एक ठिपका पडला. पूजा वाकून पाहू लागली.

"ही पण कोरच हाय."

"भोक चौकोनी, तरी कोर. मग आकार कोणाचा?"

पूजा विचारात पडली. बाईंनी घाई केली नाही.

"सूर्याचा?"

"सूर्याचा. चंद्र मध्ये आलाय म्हणून आज तो तसा दिसतोय. नुसतं ऊन असतं, तर याच भोकांतून गोल चकत्या पडल्या असत्या. पत्रे घातल्यापासून तुम्हाला ऊन कुठे मिळालं? आणि आज तर खोलीत अंधार केलात. अंधारात उजेड जास्तच उठून दिसतो."

"म्हणजे आईनेच ग्रहणाला आत घेतलंन," रितेश शिडीवरून म्हणाला.

"हस मेल्या," बनुबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

पूजा हसली नाही.

"मग गेल्या खेपेचं, बाई? मी खिडकीत उभी होते."

"त्या रात्री कितीतरी गरोदर बायका खिडकीत, अंगणात, शेतावर होत्या. त्यांची मुलं आता रांगतायत. कधी कधी मूल राहत नाही, पूजा. का, ते डॉक्टरांनाही दर वेळी कळत नाही. पण खिडकीत उभं राहिल्याने नाही."

पूजाने सासूकडे पाहिलं. "आई, तुम्ही म्हणाला होता."

"म्हणाले होते." बनुबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मला कोणी दुसरं सांगितलंच नाय गो. माझी दोन गेली, रितेशच्या आधी. सासू म्हणाली, ग्रहणात भाजी चिरलीस. चिरली होती मी."

रितेश शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. त्याला हे ठाऊक नव्हतं.

"बाई," बनुबाईंनी हळूच विचारलं, "ते पण नाय का?"

"नाही, बनुबाई. ते पण नाही."

पुन्हा ढग आले. जमिनीवरच्या कोरी फिकट होत गेल्या आणि विझल्या. बनुबाई तिथेच पाहत उभ्या होत्या.

"दोघांतली धाकटी मुलगी होती," त्या म्हणाल्या.

पूजाने अंथरुणावर थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.