कोळसेवाला विरुद्ध भिंगरी

रोज दुपारी चार वाजता कारखान्यात चहा यायचा आणि चहाबरोबर कोळसेवाला भिंगरीला लोळवायचा. गेली कित्येक वर्षं हा नेम चुकला नव्हता.

कारखाना म्हणजे तरी काय, रस्त्याला लागून एक लांबट खोली, तीन टेबलं, एक शिलाई मशीन आणि जिकडेतिकडे बॉक्सिंगचे ग्लोव्हज. माणसंही तीनच. मालक आप्पा, त्यांची सून आणि चामडं कापणारे कटिंगमास्तर. आप्पांच्या मुलाचा या धंद्याशी काडीचाही संबंध नव्हता. कुणाच्या नाकातून रक्त आलेलं दिसलं की तो आधी बसायला खुर्ची शोधायचा. त्यानं दुसरीकडे नोकरी धरली आणि त्याची बायको सासऱ्याच्या हाताखाली शिकायला आली. या अदलाबदलीत कारखान्याचं भलंच झालं, असं आप्पा चारचौघांत सांगायचे. सुनेच्या तोंडावर मात्र कधी नाही.

आता हा कोळसेवाला म्हणजे आप्पांच्या लहानपणचा हेवीवेट चॅम्पियन. बंदरावर कोळशाची पोती वाहता वाहता रिंगमध्ये आला. मान नावालाच, छाती दाराएवढी, आणि ठोसे दोनच, एक डावा नि एक उजवा. तिसरा शिकायची वेळच त्याच्यावर आली नाही, असं आप्पा म्हणत. भिंगरी आजचा. ताडमाड उंच, एका जागी उभा म्हणून राहायचा नाही. दोघांमध्ये चांगलं साठ वर्षांचं अंतर, आणि कोळसेवाला तर केव्हाच वारलेला. पण म्हणून आप्पांचं काही अडत नसे. चहाचा पहिला घोट घेऊन ते दोघांची लढत करून दाखवायला उठायचे, मास्तर कात्री पत्र्याच्या डब्यावर आपटून घंटा द्यायचे, आणि तिसऱ्या फेरीत भिंगरी आडवा. तिसऱ्याच फेरीत का, तर तोवर चहा संपायचा.

सुनेचा जीव भिंगरीवर. ती गप्प बसून आपल्या माणसाचा रोजचा पराभव चहाबरोबर गिळायची. पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं.

ग्लोव्ह उलटा शिवतात, मग तो सुलटा करतात, आत भरण घालतात आणि उरलेली वीतभर फट शेवटी हातानं शिवतात. त्या शिवणीला कारखान्यात ‘बंद टाका’ म्हणत. आतलं काही दिसत नाही, नुसतं बोटांनी चाचपत जायचं. तो टाका सुटला की भरण सरकतं, आणि मग ठोसा खाणाऱ्याचं जे व्हायचं ते होवो, मारणाऱ्याचा हात मोडतो. म्हणून बंद टाका आप्पांचा, दुसऱ्या कुणाचा नाही. चार वर्षं सून बाकीचं सगळं करत होती आणि नव्वद टक्के झालेला ग्लोव्ह सासऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवत होती. आपण केलेली एक तरी जोडी पहिल्यापासून शेवटपर्यंत आपली असावी, एवढंच तिला हवं होतं. वर्षातून दोनदा ती विचारायची आणि आप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं. “बॉक्सिंग कळल्याशिवाय बंद टाका कळत नाही, सूनबाई.”

अलीकडे ते स्वतःच एकेक ग्लोव्ह दोन दोनदा उसवत होते. सुनेला ते दिसत होतं, पण बोलायची तिची छाती होत नव्हती.

त्या सोमवारी मात्र तिला राहवलं नाही. कोळसेवाल्यानं नुकताच डावा हात मागे घेतला होता, म्हणजे आप्पांनी घेतला होता, कप उजव्या हातात होता, आणि ती म्हणाली, “आप्पा, या दोघांनी ग्लोव्ह कुठले घातलेत?”

आप्पांचा हात वरच राहिला.

“कुठले म्हणजे?”

“म्हणजे तुमच्या काळचे घोड्याच्या केसांचे, की आताचे फोमचे? जुने दुरुस्तीला येतात ते मीच उसवते. घामानं केस सगळे एका बाजूला गोळा झालेले असतात. कोळसेवाला आठव्या फेरीत गेला तर बोटांच्या गाठींवर नुसतं चामडं उरेल. पहिला जोराचा ठोसा बसला की हात त्याचाच जायचा.”

मास्तरांनी कात्री हळूच खाली ठेवली. आप्पा खाली बसले. जन्मभर ग्लोव्ह शिवणारा माणूस, आणि इतकी वर्षं त्यानं दोन चॅम्पियन उघड्या हातांनी लढवले होते. शेजारच्या दुकानदाराला हे सांगितलं असतं तर त्याला यात चूक ती काय हेच कळलं नसतं. आप्पांना मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

“तो आठव्या फेरीपर्यंत जातच नाही,” शेवटी ते म्हणाले.

“चहा संपतो म्हणून जात नाही.”

झालं, ठिणगी पडली. मंगळवारी भरणावरून वाद, बुधवारी वजनावरून, गुरुवारी अंगठा मोकळा असावा की शिवलेला यावरून. आप्पा जेवताना भांडत, जिना चढताना भांडत. मुलगा बिचारा घरी या दोघांच्या मधे बसून आमटी वाढून घेई. बऱ्याच महिन्यांनी आप्पांचा आवाज असा चढला होता, आणि खरं सांगायचं तर सुनेलाही इतकी मजा आली नव्हती कधी. शुक्रवारी आप्पांनी टेबलावर हात आपटला. “बास झालं. ग्लोव्ह बनवू या. माझ्या माणसाचे मी, तुझ्या माणसाचे तू. वजन सारखं, चामडं एकाच तुकड्यातलं. भरण ज्याच्या त्याच्या काळाचं.”

“पहिल्यापासून शेवटपर्यंत?”

“अर्थात.”

“बंद टाक्यासकट?”

आप्पांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर छताकडे बघत होते. शब्द तर देऊन झाला होता. “लढतीपुरता,” आप्पा पुटपुटले.

अशा रीतीनं एका मेलेल्या आणि एका कधीच इकडे न फिरकणाऱ्या चॅम्पियनसाठी कारखान्यात काम सुरू झालं. आठवडाभर रोज कामं उरकून दोघं आपापल्या जोडीला बसायचे. मग सुनेनं भिंगरीच्या ग्लोव्हला बंद टाका घालायला घेतला. आतून बोटानं चामडं ताणायचं, बाहेरून सुई, दोरा मेणात ओढायचा, आणि डोळे मिटून मोजायचं. चौतीस टाके. दुसऱ्या ग्लोव्हलाही चौतीसच. तिनं जोडी आप्पांसमोर ठेवली आणि चूल पेटते की नाही बघणाऱ्या नव्या नवरीसारखी बाजूला उभी राहिली.

आप्पांनी हात घातला, मूठ वळली, उजेडात धरून टाका न् टाका बघितला, नखानं दोन ठिकाणी उचकटून पाहिला. एवढा वेळ लावला की मास्तरांचा चहा गार झाला. मग जोडी खाली ठेवून म्हणाले, “भिंगरी तयार आहे. घंटा द्यायला माझ्या माणसाचे ग्लोव्ह हवेत.”

कोळसेवाल्याचा डावा ग्लोव्ह झालेला होता. उजवा बाकी. आप्पांनी केस नीट दाबून बसवले, कडा जुळवली, सुई घातली. सात टाके झाले आणि आठवा वाकडा गेला. त्यांनी उसवला. परत घातला, परत वाकडा. उजव्या हाताचा अंगठा आपला आपणच थरथरत होता आणि तो टेबलावर दाबून धरला तरी ऐकेना. मास्तर उगाच कातड्याचे तुकडे निवडायला लागले. सुनेला वाटलं, लढत गेली खड्ड्यात, आपण हा विषयच काढायला नको होता. 

पाचव्यांदा उसवल्यावर आप्पांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. उसवलेले दोरे झटकून ग्लोव्ह हातात घेतला. मग उठले आणि चार वर्षं ग्लोव्ह ज्या वाटेनं यायचे त्याच्या उलट वाटेनं जाऊन तो सुनेच्या टेबलावर ठेवला.

“हा तू बंद कर.”

“आप्पा, हा कोळसेवाल्याचा आहे.”

“माहीत आहे. तुझ्या त्या नाचऱ्याकडून हरला तर हरू दे. पण टाका सुटून हरला तर वर गेल्यावर मी त्याला तोंड काय दाखवू? माझ्या हातानं सुटेल तो. तुझ्या नाही सुटायचा.”

तिनं ग्लोव्ह जवळ ओढला. डोळे भरून आले, दोरा सुईत जाईना, आणि आनंद असा की तो कुठे ठेवावा ते कळेना. चार वर्षांत आप्पांनी तिचं एवढं कौतुक केलं नव्हतं, आणि केलं तेही आपल्या लाडक्या माणसाचा उजवा हात तिच्या हवाली करून.

“रडायचं नंतर,” आप्पा म्हणाले. “आधी शिव. आणि केस गाठींकडे दाबून घे, नाहीतर आठव्या फेरीत माझ्याच अंगलट यायचं.”

“तो आठव्या फेरीपर्यंत जातोय?”

“आता जाईल. घाई कुणाला आहे?” ते मास्तरांकडे वळले. “अजून चहा सांगा. मोठं भांडं भरून सांगा.”

सुनेनं नाक पुसलं, दोरा मेणात ओढला आणि आप्पांनी घातलेल्या सातव्या टाक्याला लागून आपला पहिला टाका घातला.