एक वीत नळी

मित्रांनो, पाथरीहून मानवतकडे निघालात की गाव सुटता सुटता व्यंकटरावांचं कापसाचं पत्र्याचं शेड लागतं. त्या शेडमागे चार दगडांवर टेकवलेली एक काळी मोटार आहे. ती मी. माझी चाकं केव्हाच गेली, आणि मागच्या सीटवर आता कोंबड्या अंडी घालतात. हसू नका. याच सीटवर पंचक्रोशीतले निदान दोनशे नवरदेव मिरवले आहेत.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. मला कळू लागलं ते हैदराबादेत, निजामाच्या एका अंमलदाराच्या दारात. तिथे मला पुसायला एक माणूस होता आणि चालवायला दुसरा. त्या थाटात मी शेफारले, हे कबूल करते. पुढे राज्य गेलं, साहेबही गेले, आणि पाथरीच्या व्यंकटरावांनी मला हौसेने विकत घेतलं. पेट्रोलपायी ती हौस लवकरच फिटली. त्यांनी माझं मूळचं इंजिन काढून जुनं डिझेल इंजिन बसवलं आणि मला भाड्याने फिरवायला काढलं. त्या इंजिनाच्या घरघरीची मला फार लाज वाटे.

ती लाज रायभानने विसरायला लावली. रायभान माझा ड्रायव्हर. मेंढरं राखणाऱ्या घरातला, त्यामुळे मुक्या जिवाचं दुखणं त्याला न सांगता कळायचं. माझा आवाज जरा बदलला की तो गाडी कडेला घेई आणि म्हणे, "काय झालं गं? कुठं दुखायलंय?" आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. त्याची बायको कासाबाई दर सोमवारी माझी काच पुसायची. गाडीला दृष्ट लागते म्हणून पुढे काळी बाहुलीही तिनेच बांधली होती.

आता थोडं माझ्या पोटातलं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनात डिझेल जिथून फवारतं, त्या तोंडांना आमचे मिस्त्री नोझल म्हणतात. फवारून उरलेलं डिझेल बारीक रबरी नळ्यांतून मागे फिरतं, आणि नवं डिझेल जरा जाड रबरी नळीतून पंपात शिरतं. या नळ्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण त्या जाड नळीला भेग पडली की इंजिन डिझेलबरोबर वारा पितं आणि बंद पडतं. मग पंपावरचा एक स्क्रू दहा नंबरच्या पान्याने सैल करायचा, हाताने पंप मारायचा, फेस निघून गेला की स्क्रू आवळायचा. तीन मिनिटांचं काम, पण पान्याशिवाय होत नाही.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद. एसटीचा भरवसा उरला नव्हता. त्यामुळे लोक माझ्याकडे येत आणि मला उसंत मिळत नसे. दसरा चार दिवसांवर आला तेव्हा रायभानने मला सिताराम मिस्त्रीकडे नेलं. सितारामची एक रीत होती. तो नळी बोटांत दुमडून बघायचा. दुमडीवर पांढरी रेघ उमटली की ती नळी गेली.

"नोझलवरच्या चारी गेल्या रं," तो म्हणाला, आणि त्याने त्या बदलल्या. मग पाचवी, पंपाची जाड नळी दुमडली. पांढरी रेघ मलाही दिसली. पण त्या जाड मापाच्या नळीचं त्याचं भेंडोळं आधीच संपत आलं होतं. एक वीत नळी कमी पडली.

"परभणीहून आणावी लागंल," सिताराम म्हणाला. "दसऱ्यानंतर बघू."

"तवर निघंल का पर?"

"आरं, चार दिवस सहज काढंल ती. मी काय आज मिस्त्री झालो का?"

रायभान हसला. मीही गप्प राहिले. चार नव्या नळ्यांच्या तोऱ्यात होते मी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. मित्रांनो, तुम्हाला माहीत आहेच, त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, वाकस, हातोडी, ज्याचं जे हत्यार असेल ते देवापुढे मांडतात, आणि दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही. सकाळी कासाबाई आली, माझ्या सीटखालची पान्यांची पिशवी काढली आणि सगळे पाने चिंचेने घासून लख्ख केले. "ह्याच्यावर आपलं पोट हाय," असं माझ्याशीच बोलत तिने ते घरात नेले.

दुपारी नैवेद्याच्या चुलीला गोवऱ्या कमी पडल्या. ढिगातली गोवरी काढताना तिच्या हाताला साप चावला.

गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, थांबू नका, परभणीला मोठ्या दवाखान्यात न्या. रायभानने तिला मागच्या सीटवर निजवलं. मी अशी कधी पळाले नव्हते. मानवत मागे पडलं. आणखी दोन-तीन मैल गेले असतील, तोच माझा घसा कोरडा पडला. एक आचका आला, दुसरा आला, आणि मी रस्त्यातच थांबले.

रायभानने बॉनेट उघडलं. नळीवरची भेग त्याला लगेच दिसली. त्याने डोक्याचा रुमाल फाडून ती करकचून बांधली. आता फक्त हवा काढायची होती. तो धावत आला आणि सीटखाली हात घातला. तिथे काही नव्हतं.

मग त्याने तो स्क्रू बोटांनी धरला. बोटं सोलली. रुमाल गुंडाळून धरला, दगडाने ठोकला, शेवटी वाकून दातांनी धरला. स्क्रू हलला नाही. सणाचा दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत कासाबाईच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या.

"आवो," ती म्हणाली, "का थांबली गाडी?"

"निघायलोय. जरा हवा धरलीय."

तिने मान वळवून सीटखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाने देवापुढं हायत. मीच उचलले ना?"

रायभान खिडकीशी आला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. "न्हाई," तो म्हणाला. "म्या काढले व्हते सकाळी. म्याच इसरलो. तू बोलू नको."

"खरंच?"

"तुझी आन."

तिने डोळे मिटले. पाऊण तासाने भुसाराचा एक ट्रक आला. रायभानने तिला उचलून वर चढवलं आणि ट्रक गेला. बॉनेट उघडं टाकून मी तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, सिताराम सायकलवर आला. हातात दहाचा पाना होता, त्यावर हळदीकुंकू तसंच होतं. व्यंकटरावांच्या ट्रॅक्टरची चांगली नळी तो काढून घेऊन आला होता. ती नळी चार दिवसांपूर्वीही त्या ट्रॅक्टरवर होतीच. त्याने ती बसवली, हवा काढली, आणि मी एका दमात सुरू झाले. तेव्हा तो माझ्या मडगार्डवर डोकं ठेवून रडू लागला. मला काय ते कळलं. कासाबाई परभणीच्या वेशीवरच गेली होती.

तेराव्याला राणीसावरगावहून तिची आई, सरजाबाई आली. मी दारातच उभी होते. भरल्या माणसांत ती रायभानला म्हणाली, "माझी लेक घेऊन निघालास, आन् पाने घरी? डायवर हायस का कोण हायस?"

"चुकलं, मामी," रायभान म्हणाला. एवढंच.

त्यानंतर गावाने त्याला नावं ठेवली ती ठेवलीच. पोरं त्याला पाहून "पाना घेतला का?" असं ओरडत. त्याने कधी मान वर केली नाही. दर खंडेनवमीला मात्र तो पूजेचं ताट घेऊन माझ्यापाशी येई आणि पाने सीटखाली जिथल्या तिथे ठेवूनच त्यांना कुंकू लावी. एकदा सरजाबाईने ते पाहिलं. "ही अक्कल तवा कुठं गेली व्हती?" ती म्हणाली.

"उशिरा आली, मामी."

आता रायभानही थकला आहे, आणि मीही इथे फार दिवस राहीन असं वाटत नाही. भंगारवाला दोनदा बघून गेला. म्हणून हे बोलून टाकते. रायभानने सितारामलादेखील खरं सांगितलं नाही. कासाबाईचं नाव चुकीशी जोडलं जाऊ नये म्हणून त्याने ती आयुष्यभर आपल्या अंगावर घेतली. मित्रांनो, तुमच्या घरी यंत्र असेल, गाडी असेल, तर तिची नळी गेली म्हणताच बदला. ते जमत नसेल, तर निदान घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ती नळी गेलेली आहे, हे सितारामला ठाऊक होतं, रायभानला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. कासाबाईला ठाऊक असतं तर तिने एकही पाना माझ्यातून हलवला नसता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.